साहेबांच्या कानावर न जाता

मुंबईच्या लोकल मार्गावर कुणी गाडीखाली आलं की स्टेशनमास्तर मेमो लिहितो आणि तो लोहमार्ग पोलिसांच्या हाती पडतो. कागद लहानसा असतो. कुठल्या किलोमीटरला, अप की डाउन, स्लो की फास्ट, किती वाजता. तो खिशात घालून ड्युटीवरचा शिपाई हमाल आणि स्ट्रेचर घेऊन रुळांच्या कडेनं चालू लागतो. मागे गाड्या खोळंबलेल्या असतात, दारांतून माणसं वाकून बघत असतात, त्यामुळे काम भरभर उरकावं लागतं. जीव असेल तर आधी रुग्णालय. नसेल तर जे सापडेल ते गोळा करायचं, खिशातलं पाकीट, पास, चिठ्ठ्या टिपून घ्यायच्या, अकस्मात मृत्यूची नोंद घालायची, पंचनामा करायचा आणि मग नातेवाइकांचा शोध. मोबाइल शाबूत असला तर त्यातल्या ‘आई’ किंवा ‘घर’ या नावावर फोन लावायचा. काही वेळा तोच फोन आपणहून वाजतो. पलीकडून कुणीतरी विचारत असतं, कुठपर्यंत आलास, आणि उत्तर शिपायाला द्यायचं असतं.

मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर अलीकडच्या वर्षांत दरवर्षी अडीच हजारांच्या आसपास माणसं दगावतात. म्हणजे रोजचे सरासरी सहा-सात मृत्यू, जखमी वेगळे. एका शिपायाच्या नोकरीत असे किती मेमो येत असतील याचा हिशेब ज्याचा त्यानं करावा. लोहमार्ग पोलिसांचं उदाहरण आधी घेतलं, कारण तिथं आकडा समोर दिसतो. एरवी हे काम राज्यातल्या प्रत्येक ठाण्यात चालतं. विदर्भातल्या एखाद्या शेतात झाडाला लटकलेला देह खाली उतरवणारा हवालदार, अत्याचार झालेल्या सहा वर्षांच्या मुलीचा जबाब घेणारी महिला उपनिरीक्षक, नियंत्रण कक्षात ११२ क्रमांकावरची किंकाळी ऐकून गाडी पाठवणारी आणि पुढे त्या बाईचं काय झालं हे कधीच न कळणारी ऑपरेटर. गडचिरोलीत १ मे २०१९ रोजी जांभूरखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात पंधरा जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक गेले. त्यांना मानवंदना दिली गेली, तीही योग्यच. पण त्यांच्याबरोबर एकाच बराकीत राहिलेल्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच रस्त्यांवर गस्तीला जायचं होतं. कोविडच्या साथीत महाराष्ट्र पोलीस दलातले शेकडो लोक गेले. उरलेले नाकाबंदीवर उभेच राहिले.

पोलीस लाइनीत वाढलेल्या कुणालाही याचे परिणाम समजावून सांगावे लागत नाहीत. बाबा आज जेवताना बोलत नाहीत म्हणजे काहीतरी बघून आलेत, एवढं घरातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. झोप उडते. क्षुल्लक कारणावरून हात उगारला जातो. बाटली आधी आठवड्यातून एकदा निघते, मग रोज. कुकरची शिट्टी झाली तरी दचकायला होतं. बायकोला दिसत असतं, ती शेजारणीकडेही बोलत नाही, कारण शेजारीण त्याच ठाण्यातल्या कुणाची तरी बायको असते आणि सकाळपर्यंत गोष्ट हजेरीच्या रांगेत पोचलेली असते.

मग हा माणूस मदत मागायला जाणार कुठं?

समजा त्यानं मनाचा हिय्या केला आणि सरळ रस्त्यानं जायचं ठरवलं. त्याच्या रजेच्या कागदाचा प्रवास इथं पायरी-पायरीनं सांगतो, कारण सगळी गोम तिथंच आहे. रजा हवी तर महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ नुसार वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. डॉक्टर मानसोपचारतज्ज्ञ असेल तर लेटरहेडवर तसं छापलेलंच असतं, खाली काय लिहिलंय ते वाचायचीही गरज पडत नाही. ते प्रमाणपत्र ठाण्यातल्या कारकुनाकडे जातं, तिथून आवक नोंदीत, मग प्रभारी अधिकाऱ्याच्या टेबलावर, मग वरच्या कार्यालयात. औषधांचा खर्च परत मिळवायचा तर बिलांची फाइल वेगळी, तीही दोन-चार टेबलांवरून फिरते. कामावर परत रुजू व्हायचं तर ‘फिट’ असल्याचा दाखला. या साखळीतला एकही माणूस वाईट नसतो. कुणी मुद्दाम बोभाटा करत नाही. तरीही चौथ्या दिवशी चहाच्या टपरीवर सगळ्यांना ठाऊक असतं की अमक्याचं डोकं जरा हललंय. हेच लोक वर्षअखेरीला त्याचा गोपनीय अहवाल लिहिणार, हेच त्याची बदली ठरवणार, त्याच्या हाती हत्यार द्यायचं की नाही हेही हेच ठरवणार. ‘हेडक्वार्टरला जमा’ हे दोन शब्द पोलिसाला शिक्षेसारखे का वाटतात ते यावरून कळावं.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये आला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम २३ नं मानसिक आजार असलेल्या माणसाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. तो डॉक्टरला आणि उपचार करणाऱ्यांना बांधतो. ठाण्यातल्या बारनिशीच्या टेबलावर मात्र त्या कलमाची सावली पडत नाही. डॉक्टरनं तोंड मिटलं तरी कागद बोलतो. म्हणून प्रश्न चांगल्या समुपदेशकाचा कमी आणि रस्त्याचा जास्त आहे. मदत दलाच्या आत ठेवली, त्याच साहेबांच्या हाताखाली, त्याच आवारात, त्याच फाइलींतून जाणारी, तर ती कितीही मनापासून दिलेली असो, ज्याला तिची सर्वांत जास्त गरज आहे तो तिथं फिरकणार नाही. तणावमुक्तीची शिबिरं होतात, योगाचे वर्ग होतात, व्याख्यानं होतात. त्यांचा उपयोग नाही असं कुणी म्हणू नये. पण तीनशे लोकांच्या सभागृहात ‘कुणाला काही शंका?’ असं विचारल्यावर कोणता शिपाई उठून सांगेल की मला रात्री ते मूल दिसतं?

न्यूयॉर्कच्या पोलिसांना हे फार मोठी किंमत मोजून कळलं. १९९४ आणि १९९५ या दोन वर्षांत त्या दलातल्या २६ जणांनी स्वतःचा जीव घेतला. दलाकडे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांचा स्वतंत्र विभाग होता. अडचण अशी की त्या विभागाचं दार वाजवणं म्हणजे पिस्तूल आणि बिल्ला काढून घेतला जाण्याचा धोका, आणि पिस्तूल नसलेला पोलीस सहकाऱ्यांच्या नजरेत काय होतो ते मुंबईत काय आणि मॅनहॅटनमध्ये काय, सारखंच आहे. १९९६ मध्ये बिल जेनेट नावाच्या पोलीस अधिकाऱ्यानं काही सहकाऱ्यांना घेऊन दलाबाहेर एक संस्था उभी केली. तिला पॉपा म्हणतात. नोकरीत असलेले आणि निवृत्त पोलीसच तिथं स्वयंसेवक म्हणून प्रशिक्षण घेतात, चोवीस तास फोन उचलतात, ठाण्यापासून दूर भेटतात आणि गरज पडली तर बाहेरच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतात. फोन कुणी केला हे दलाला कळत नाही. दल विचारूही शकत नाही, कारण ती संस्था दलाची नाहीच.

या व्यवस्थेत मला सगळ्यात शहाणपणाची वाटते ती तिची दुहेरी रचना. कागद बाहेरचे आणि कान आतले. फोन उचलणाऱ्याला ‘नाइट’ म्हणजे काय, सलग दोन बंदोबस्त केल्यावर पाय कसे होतात, पंचनाम्याला पंच मिळत नाहीत तेव्हा काय तारांबळ उडते, हे सांगावं लागत नाही. नाहीतर अर्धा वेळ त्याला पोलिसाची नोकरी समजावण्यातच जातो आणि बोलणारा कंटाळून फोन ठेवून देतो. त्याच वेळी तो कान त्याच्या वरिष्ठाचा नसतो.

पण म्हणून न्यूयॉर्कचा प्रश्न सुटला असं झालं नाही. २०१९ या एका वर्षात तिथं दहा सेवेतल्या पोलिसांनी आत्महत्या केली. आयुक्त जेम्स ओनील यांनी हे मानसिक आरोग्याचं संकट आहे असं उघडपणे मान्य केलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दलानं न्यूयॉर्क-प्रेस्बिटेरियन या रुग्णालयाशी करार केला. पोलिसानं थेट रुग्णालयाकडे जायचं, उपचार मोफत, नाव दलाकडे जाणार नाही. हे वाचताना एक लक्षात येतं. तेवीस वर्षांपासून एक दार उघडं होतं, तरी आणखी एक उघडावं लागलं. कुणाला पोलीस मित्राशी बोलणं सोपं जातं, कुणाला पोलिसाचं तोंडही बघायचं नसतं, त्याला डॉक्टरच हवा असतो. एकच वाट ठेवली की तिच्यावरून जे चालू शकत नाहीत ते मागे राहतात.

आकड्यांनी बोलणाऱ्यांसाठी कॅनडातल्या माँट्रियलचं उदाहरण अधिक ठाशीव आहे. तिथल्या पोलीस दलानं १९९७ मध्ये एक कार्यक्रम सुरू केला. दलातल्या सगळ्यांना आत्महत्येबद्दल अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण. अधिकाऱ्यांना आणि युनियनच्या प्रतिनिधींना पूर्ण दिवसाचं, सहकाऱ्यातला बदल ओळखायचा कसा आणि त्याच्याशी बोलायचं कसं याचं. गोपनीय फोनसेवा, जिथं दारू, जुगार, घरातली भांडणं, कामावर बघितलेलं भयंकर काही, अशा वेगवेगळ्या विषयांसाठी वेगवेगळे स्वयंसेवक पोलीस. ब्रायन मिशारा आणि नॉर्मन मार्टिन यांनी त्याचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. कार्यक्रमाआधीच्या अकरा वर्षांत त्या दलात १४ आत्महत्या झाल्या होत्या, नंतरच्या बारा वर्षांत ४. दर लाख पोलिसांमागे वर्षाला ३०.५ वरून ६.४. त्याच काळात क्युबेक प्रांतातल्या इतर पोलीस दलांत हे प्रमाण घटलं नाही, किंचित वाढलंच. चार हजार माणसांच्या दलात असे आकडे लहान असतात, त्यावरून छातीठोक सिद्धांत मांडू नये हे खरं. पण दहा घरं वाचली असण्याची एवढी दाट शक्यता समोर असताना वाट कसली बघायची?

माँट्रियलच्या त्या वर्णनात ‘युनियन’ हा शब्द सहज येऊन जातो. न्यूयॉर्कमध्येही पॉपाची मुळं पोलीस युनियनच्या पुढाकारात आहेत. महाराष्ट्रातल्या वाचकानं इथं थांबायला हवं. आपल्याकडे पोलिसांना संघटना नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३३ नं सशस्त्र दलं आणि पोलिसांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याची मुभा संसदेला दिली आणि १९६६ च्या कायद्यानं परवानगीशिवाय पोलिसांनी संघटना करण्यावर बंधन आणलं. तरी मुंबईत संघटना होती. ऑगस्ट १९८२ मध्ये ती शासनानं मोडून काढली, शिपाई रस्त्यावर उतरले, दंगल झाली, लष्कर बोलवावं लागलं, अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. शिस्तीच्या दलाला संघटनेचा हक्क असावा की नाही हा वाद मोठा आहे आणि तो इथं सोडवायचा नाही. पण त्याचा एक परिणाम मात्र नीट बघायला हवा. इतर देशांत शिपायाच्या मनाचं दुखणं साहेबापुढे मांडायला मधे एक माणूस उभा असतो. आपल्याकडे शिपाई आणि साहेब यांच्यामध्ये कुणीच नाही. तेव्हा दलाबाहेरच्या मदतीची गरज न्यूयॉर्कपेक्षा नागपूरला, सोलापूरला, परभणीला जास्त आहे.

कामाचे तास तर त्याहून बोलके आहेत. पोलीस संशोधन व विकास विभागासाठी हैदराबादच्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेजनं २०१४ मध्ये देशभराच्या ठाण्यांचा अभ्यास केला. सुमारे नव्वद टक्के कर्मचारी आठ तासांपेक्षा जास्त काम करतात असं त्यात निघालं. कॉमन कॉज आणि लोकनीती-सीएसडीएस यांनी २०१९ मध्ये २१ राज्यांतल्या जवळपास बारा हजार पोलिसांशी बोलून केलेल्या पाहणीत सरासरी रोजचे काम १४ तास निघाले. दर दोघांतल्या एकाला साप्ताहिक सुटी मिळत नव्हती. चारांतले तीन जण म्हणाले की या भारानं शरीर आणि मन दोन्ही बिघडतं. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चं कलम २८ सांगतं की पोलीस अधिकारी सदैव कामावर आहे असं समजलं जाईल. कायद्याचा हेतू काहीही असो, गणपतीचे दहा दिवस, नवरात्र, निवडणुका, मोर्चे, मंत्र्यांचे दौरे यांच्या रेट्यात त्या कलमाचा शब्दशः अनुभव शिपाई घेत असतो. लोकांची दिवाळी निर्धोक व्हावी म्हणून तो लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बाजारपेठेच्या कोपऱ्यावर उभा असतो.

म्हणूनच एक धोका आधीच बोलून टाकलेला बरा. समुपदेशन हे सुटीला पर्याय होता कामा नये. माणसाला चौदा तास राबवायचं आणि पंधराव्या तासाला त्याला फोन नंबर द्यायचा, ही मदत नव्हे. मुंबईत २०१६ च्या मे महिन्यात देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला. कल्पना त्याच ठाण्यातल्या एका शिपायाची होती. त्यानं पाळ्यांचं गणित कागदावर मांडून दाखवलं, तत्कालीन आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ते ऐकून घेतलं, आणि २०१७ च्या सुरुवातीपासून शहरातल्या सगळ्या ठाण्यांत ती पद्धत लागू झाली. पुढे मनुष्यबळ आणि साथीच्या ओढाताणीत ती टिकवता आली नाही. २०२१ मध्ये राज्यातल्या महिला पोलिसांसाठी बारा तासांऐवजी आठ तासांचा आदेश निघाला. देवनारची गोष्ट मला या विषयात फार मोलाची वाटते. आयुक्तानं शिपायाचं ऐकलं आणि हजारो घरांत बाप संध्याकाळी घरी दिसू लागला, हे आपल्याच शहरात घडलं आहे.

बाहेरचा माणूस पोलिसांच्या आवारात बसू शकतो का, दल त्याला सामावून घेईल का, ही शंका नेहमी काढली जाते. तिचं उत्तरही मुंबईतच आहे. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेनं मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. छळ सोसणारी बाई पोलिसांत आली की तिथं तिला समाजकार्याचं शिक्षण घेतलेली कार्यकर्ती भेटे, जी पोलीस नव्हती, वर्दीत नव्हती, पोलिसांच्या बढती-बदलीशी जिचा संबंध नव्हता. आवार पोलिसांचं, माणूस बाहेरचा, निष्ठा समोर बसलेल्या बाईशी. पुढे हा नमुना राज्यात इतर जिल्ह्यांत गेला आणि शासनानं तो आपलासा केला. पीडित बाईसाठी आपण हे चाळीस वर्षांपूर्वी केलं. तिची तक्रार लिहून घेणाऱ्यासाठी अजून करायचं आहे. फरक एवढाच ठेवावा लागेल की पोलिसासाठीची ही जागा ठाण्याच्या किंवा आयुक्तालयाच्या फाटकाच्या आत नसावी. त्या फाटकावर कोण आत गेला हे बघायला पहारा असतो.

गणवेशातल्या माणसाला वेगळी सोय लागते हे सरकारनंही मान्य केलेलं आहे. टेली-मानस ही राष्ट्रीय सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. १४४१६ हा तिचा क्रमांक, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. हा लेख वाचणाऱ्या कुठल्याही पोलिसानं किंवा त्याच्या घरच्यांनी तो आत्ताच मोबाइलमध्ये घालून ठेवावा; तिथं हुद्दा सांगायची गरज नाही. त्यानंतर वर्षभरानं, १ डिसेंबर २०२३ रोजी, सैन्यदलातल्या जवानांसाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी टेली-मानसचा खास कक्ष पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. सैनिकाच्या अडचणी इतरांपेक्षा निराळ्या असतात, त्या कळणारं माणूस फोनवर हवं, हे त्यामागचं कारण. पोलिसाच्या अडचणी निराळ्या नसतात असं कोण म्हणेल? सैनिक सीमेवर असतो आणि सुटीला गावी येतो. पोलीस ज्या गावात मार खातो त्याच गावात भाजी आणायला जातो.

आता सगळ्यात नाजूक प्रश्न, हत्याराचा. गोपनीयता पाळायची म्हटलं की वरिष्ठ अधिकारी पहिल्यांदा हेच विचारतात आणि त्यांचं विचारणं रास्त आहे. ज्याच्या कमरेला भरलेलं पिस्तूल आहे, ज्याच्या खांद्याला एसएलआर आहे, त्याच्या मनात स्वतःला किंवा दुसऱ्याला संपवण्याचे विचार येत असतील आणि समुपदेशक गप्प बसला, तर जबाबदार कोण? गोपनीयता कुठंच निरपवाद नसते. वर सांगितलेल्या कलम २३ मध्येही जिवाला धोका असेल तर माहिती सांगण्याची मुभा आहे. हा अपवाद पहिल्याच भेटीत, स्पष्ट शब्दांत, समोरच्याला सांगितला पाहिजे. तो अरुंद ठेवला पाहिजे. दारू जास्त होते, झोप येत नाही, साहेबांचा राग येतो, घटस्फोट होतोय, यांतलं काहीही त्या अपवादात बसत नाही.

हत्यार काढून घेतल्यानंतर काय होतं, यावर खरं तर सगळं अवलंबून आहे. ते काढून घेणं म्हणजे कलंक असेल तर माणूस शेवटपर्यंत लपवील आणि हत्यार त्याच्याकडेच राहील, म्हणजे ज्याची भीती तेच होईल. याबाबत सर्वोच्च न्यायालयानं १७ डिसेंबर २०२१ रोजी दिलेला निकाल गृह खात्यातल्या प्रत्येकानं वाचायला हवा. केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या एका अधिकाऱ्याचं ते प्रकरण होतं. त्याला मानसिक आजार होता, त्याच्या वागण्यावरून दलानं शिस्तभंगाची चौकशी लावली होती. न्यायालयानं म्हटलं की मानसिक विकलांगता हे जर त्या वागण्यामागचं एक कारण असेल तर अशी कारवाई हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरतो. त्याला दुसरं काम द्यायचं तर द्या, ते शस्त्राशी संबंध नसलेलं असू द्या, पण पगार आणि सेवाशर्ती कायम राहिल्या पाहिजेत. हत्यार बाजूला, माणूस जागेवर. इतका सरळ मार्ग देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं दाखवून ठेवला आहे. तो जर प्रत्येक पोलीस मुख्यालयाच्या सूचनाफलकावर सोप्या मराठीत लागला, तर निम्मी भीती तिथंच सरेल. हत्यार स्वतःहून जमा करणाऱ्याला कसुरीचा नव्हे, समजूतदारपणाचा मान मिळायला हवा, आणि तो अधिकाऱ्यांनी चारचौघांत द्यायला हवा.

अधिकाऱ्यांचा उल्लेख आला म्हणून सांगतो. हा प्रश्न शिपायांपुरता नाही. वर जावं तसा माणूस एकटा होत जातो. हवालदाराला निदान बराकीतला मित्र असतो, पोलीस अधीक्षकाला जिल्ह्यात बरोबरीचं कुणी नसतं. त्याच्या हाताखालच्या कुठल्याही माणसासमोर त्याला डोळ्यांत पाणी आणता येत नाही. बाहेरची सोय त्याच्यासाठीही तेवढीच गरजेची आहे, आणि एखाद्या वरिष्ठानं उघडपणे सांगितलं की मी तिथं जाऊन आलो, तर शंभर परिपत्रकांचं काम होईल.

महाराष्ट्रात हे करायला नवा कायदा लागत नाही. गृह विभागाचा एक शासन निर्णय पुरतो, त्यातल्या अटी मात्र घट्ट हव्यात. काम दलाबाहेरच्या संस्थेकडे द्यावं. विद्यापीठ असो, रुग्णालय असो किंवा नामांकित सामाजिक संस्था. नोंदी तिच्याच ताब्यात राहाव्यात आणि दलाला त्या मागण्याचा अधिकार नसावा, हे करारातच लिहावं. संस्थेनं दर महिन्याला एकूण किती भेटी झाल्या एवढाच आकडा कळवावा. नाव नको, ठाणं नको, बक्कल नंबर तर नकोच. लहान जिल्ह्यांचे आकडे परिक्षेत्राच्या बेरजेत घालावेत, कारण ‘हिंगोली, महिला उपनिरीक्षक, एक’ असं लिहिलं की नाव लिहिल्यासारखंच झालं. बिल संस्थेला थेट द्यावं म्हणजे प्रतिपूर्तीची फाइलच जन्माला येणार नाही. पहिल्या ठराविक भेटींसाठी रजेचा अर्ज लागू नये. त्या संध्याकाळी, रविवारी, फोनवर होऊ शकाव्यात, कारण गडचिरोलीच्या उपठाण्यावरचा जवान तासाभराच्या भेटीसाठी नागपूरला येऊ शकत नाही. निवृत्त पोलिसांतून नीट पारखून, शिकवून फोनवरचे मित्र तयार करावेत, मात्र ते ज्या जिल्ह्यातून निवृत्त झाले त्या जिल्ह्याचे फोन त्यांच्याकडे जाऊ नयेत. कारकून, चालक, नियंत्रण कक्षातले ऑपरेटर, छायाचित्रकार, सफाई कामगार, सगळे त्यात यावेत, वर्दी असो वा नसो. नवरा-बायको आणि मुलांना स्वतंत्रपणे, पोलिसाला न कळवता येता यावं. निवृत्तीनंतरही काही वर्षं ही सोय राहावी, कारण बघितलेलं सगळं पेन्शनच्या पहिल्या महिन्यात वर येतं, जेव्हा सकाळी उठून जायला कुठं नसतं. आणि या व्यवस्थेवर देखरेख ठेवणाऱ्या समितीत मानसोपचारतज्ज्ञ, निवृत्त न्यायाधीश, पोलीस पत्नी यांच्याबरोबर एक शिपाई असावा, देवनारच्या त्या शिपायासारखा कागदावर गणित मांडून साहेबांना पटवू शकणारा, आणि त्याचं मत कार्यवृत्तात इतर सदस्यांइतक्याच मोठ्या अक्षरांत लिहिलं जावं.